भांडण सांगा, घडी सांगतो

"घरात भांडण कुणाचं कुणाशी हाय?"

लग्नपत्रिका ठरवायला आमच्या दुकानात आलेल्या माणसाला अक्का पहिला प्रश्न हा विचारायच्या. मुहूर्त कधीचा, पत्रिका किती पाहिजेत, गणपती सोनेरी की लाल, हे सगळं नंतर. आधी भांडण. आलेली मंडळी एकमेकांची तोंडं बघायची. मुलीचा बाप म्हणायचा, "आमच्यात कसलं भांडण?" आई पदराआड हसायची आणि बरोबर आलेला मामा हमखास खाकरायचा. अक्का गल्ल्यावर हाताची घडी घालून निवांत थांबायच्या. त्यांना घाई कसली ती नसायचीच.

"सांगा की, पावणं. लग्नघर हाय, भांडण असणारच. भांडण सांगा, घडी सांगतो."

घडी म्हणजे पत्रिकेच्या कागदाची घडी. तो कागद कुठं आणि कसा दुमडायचा, एवढाच विषय. पण अक्कांच्या दृष्टीनं लग्नात त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नव्हतं. आचारी चुकला तर एक जेवण वाया जातं, घडी चुकली तर भाऊबंदकी दोन पिढ्या चालते, असं त्या म्हणायच्या. पत्रिकेत कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं आत, कुणाचं बाहेर, यावरून आमच्याकडं काय काय होऊ शकतं हे जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको. मांडवात जेवणावरून रुसलेला माणूस संध्याकाळी हसतो. पत्रिकेवरून रुसलेला मात्र पत्रिका जपून ठेवतो.

त्या दुकानात मी सात-आठ वर्षं काम केलं. नव्वद साल उलटून गेलं होतं. शिशाचे खिळे जुळवून छापायचे दिवस संपत आले होते आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर दिसायला लागला होता. कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आमचं दुकान, रुंदीला एवढंसं आणि खोलीला लांबच लांब. दोन्ही भिंतींना छतापर्यंत पत्रिकांचे नमुने. आज माझं स्वतःचं दुकान आहे गारगोटीत, बरं चालतं. पण कुणी विचारलं की हे काम कुठं शिकलात, तर मी अक्कांचं दुकान सांगते आणि जरा ताठ बसून सांगते.

अक्का उंच, हाडापेरानं दणकट. इरकली साडी, दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला चष्मा आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडं, सीमेवरचं, त्यामुळं मराठी बोलताबोलता मध्येच कन्नड यायचं. स्वतःबद्दल मात्र कोल्हापुरी बायकांसारखं 'सांगतो', 'करतो' असंच बोलायच्या. एखादी गोष्ट नको असली की "बेड" म्हणायच्या, आणि ते "बेड" म्हटलं की विषय संपला. नवरा लवकर गेला. दिरांनी दुकान विकायचं ठरवलं, गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं. ते गिऱ्हाईक जागा बघायला आलं तर शटर वर आणि अक्का गल्ल्यावर. "कसली पत्रिका पायजे?" म्हणून त्यालाच विचारलं. त्याच्या पुतणीचं लग्न होतं म्हणे, तो पत्रिका ठरवूनच गेला.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. बाकीची नऊ बोटं साफ, एकच नख लांब. घडी त्या नखानं बसवायच्या. यंत्रातून घडीची रेघ पाडून आलेल्या पत्रिकेवरसुद्धा एकदा नख फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. पोरीबाळी नखाला रंग लावतात, मी त्याला कामाला लावलं, असं म्हणून स्वतःच हसायच्या.

पत्रिकांच्या कंपन्यांचे एजंट घड्यांची इंग्रजी नावं सांगत यायचे. अक्कांनी त्यांची आपली नावं ठेवली होती. दोन्ही बाजूंची पाखं मधोमध येऊन भेटतात ती कवाडी. एका बाजूचं पान दुसऱ्यावर येतं ती पदराची. निऱ्यांसारखी उलगडत जाते ती चुण्यांची. चारी बाजूंनी आत दुमडते ती पुडीची, अंगाऱ्याच्या पुडीसारखी. आणि प्रत्येकीचा उपयोग ठरलेला. घरात एकच कर्ता पुरुष आणि सगळे त्याच्या धाकात असतील तर पदराची. नावं फार आणि कुणालाच मागं ठेवता येत नसेल तर चुण्यांची, कारण तिच्यात शेवटचं पान कुठलं हेच कळत नाही. पुडीची फक्त प्रेमविवाहाला. "हळूहळू कळू दे लोकांस्नी," म्हणायच्या.

गगनबावड्याहून एकदा दोघं भाऊ आले होते. एका मोटरसायकलवर येणं शक्यच नव्हतं, कारण बोलणं बंद, म्हणून एकाच एसटीतून दोन टोकांना बसून आलेले. थोरल्याची मुलगी, पण लग्नाचा खर्च दोघांचा. थोरला म्हणे माझं नाव वर, धाकटा म्हणे पैसा सारखा तर नाव सारखं. अक्कांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि कवाडी पुढं केली. डाव्या पाखावर एक, उजव्यावर एक. "कवाडाला थोरलं-धाकटं नसतंय. एक उघडलं की दुसरं उघडावंच लागतंय," म्हणाल्या. दोघांनी एकेक पाख उघडून बघितलं. तेवढ्यात बरोबर आलेले त्यांचे मेहुणे पुढं सरकले, "मग आमचं नाव कुठं?" अक्कांनी दोन्ही पाखं मिटवली, मधल्या सांध्यावर एक गोल सोनेरी कागद ठेवून दाखवला. "तुमी कडी. तुमी असल्याबिगर दोनी कवाडं मिटत न्हाईत." मेहुणे इतके खूश झाले की त्या गोल चकतीवर आपलं आडनाव छापून घेऊन गेले. पुढं त्या घरातलं प्रत्येक लग्न आमच्याच दुकानात आलं आणि प्रत्येक वेळी कडी मेहुणेच राहिले.

चहाची त्यांची एक अट होती. चहा ठरल्यावर. पत्रिका पसंत झाली की बोळाच्या तोंडच्या टपरीवरून आल्याचा चहा यायचा, त्याआधी पाणीसुद्धा विचारत नसत. दोन-दोन तास नमुने चिवडत बसणाऱ्या मंडळींचा घसा कोरडा पडायचा आणि मग निकाल लवकर लागायचा. मला त्यांची ही युक्ती वाटायची. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "युक्ती न्हाई गं. चहा प्याला की माणूस मऊ पडतंय आन् मग कशालाबी व्हय म्हणतंय. मला रागातला होकार पायजे. त्योच टिकतोय."

आणखी एक रीत. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बरोबर आणायचं. आणलं नाही तर "उद्या या, आजोबांस्नी घिऊन या" म्हणून परत पाठवायच्या. मग त्या आजोबांच्या किंवा आजीच्या हातात मिटलेला नमुना द्यायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. म्हाताऱ्या बोटांना घडी उघडली तर ठीक. बोटं चाचपडायला लागली, पत्रिका उलटीसुलटी व्हायला लागली की अक्का ती हळूच काढून घ्यायच्या. "ज्याला उघडंना त्याला बोलावणं पोचलं न्हाई." मुलं कुरकुर करायची, त्यांना तोच नमुना आवडलेला असायचा. पण त्या आजोबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. घरातल्या एवढ्या मोठ्या निर्णयात त्यांना कुणीतरी विचारलेलं असायचं.

कोपऱ्याची गोष्ट तर बोळात सगळ्यांना ठाऊक होती. मुंबईचा एक एजंट नव्या फॅशनची पत्रिका घेऊन आला. वरचा उजवा कोपरा तिरका कापलेला, आणि त्या कापातून आतला सोनेरी गणपती डोकावणारा. दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू. मी हात पुढं केला तर अक्कांनी ती दोन बोटांत धरून नेली आणि दुकानाच्या पायरीवर, बाहेर ठेवली.

"बेड. हे मयताचं कार्ड हाय."

आमच्याकडं कुणी वारलं तर कळवायच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो. पोस्टमननं दिलं की वाचायच्या आधीच माणूस समजतो, आणि ते कार्ड घरात न नेता दारातच वाचून फाडून टाकतो. एजंट हसला. "अक्का, आता घरोघरी फोन आलेत. कार्ड टाकतंय कोण?"

"फोन पोरांकडं आलाय. पत्रिका म्हातारी उघडत्यात."

त्यानं ती पत्रिका दुसऱ्या दुकानात दिली, तिथं ती धडाक्यात खपली. महिना-दीड महिन्यानं चंदगडकडचं एक कुटुंब आमच्याकडं आलं, काळवंडलेल्या तोंडानं. नवऱ्या मुलाची आत्या डोंगरातल्या एका वाडीत राहायची, एकटीच. तिला पोस्टानं पत्रिका गेली. म्हातारीनं कापलेला कोपरा बघितला आणि पुढचं काही न बघता दारातच बसून गळा काढला. वाडी गोळा झाली. बायकांनी धीर दिला, कुणी चूल विझवली, आणि मग शाळेतून आलेल्या एका पोरानं ते वाचून सांगितलं की आजी, हे लगीन हाय. म्हातारी त्यावर इतकी भडकली की लग्नाला येणार नाही म्हणून निरोप पाठवला. लग्न तोंडावर आलेलं. अक्कांनी साधी एका घडीची पत्रिका तातडीनं छापून दिली आणि वर सांगितलं, "आत्तीकडं आदी नवऱ्या मुलाला पाठवा. त्यानं पाया पडायचं, आन् पत्रिका मागनं द्यायची." ती माणसं गेल्यावर मात्र अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला म्हणाल्या, "तिरकी कापलेली फॅशन बघ कुठवर गेली."

मी त्यांच्याकडं कामाला लागले ती मजा सांगायची राहिली. आमचं गाव गारगोटीकडचं. माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील, माझे थोरले चुलते, म्हणजे आमचे तात्या, पत्रिका ठरवायला कोल्हापूरला निघाले आणि शिकलेली म्हणून मला बरोबर घेतलं. मी नुकतीच कॉलेज संपवून टायपिंगच्या क्लासला जात होते. अक्कांनी तात्यांना नेहमीचा प्रश्न विचारला. तात्या छाती पुढं काढून म्हणाले, "आमच्या घराण्यात भांडण न्हाई." माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, धाकट्या मामांशी तुमचं बोलणं नाही की." तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नमुन्यांच्या आड झाले. अक्का मात्र मनापासून हसल्या. "ही पोरगी खरं बोलती. टायपिंग येतंय काय तुला? मग हितं ये कामाला." परतीच्या एसटीत तात्या गारगोटीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, पण बहिणीच्या पत्रिका छापून घरी आल्या आणि त्यानंतरच्या सोमवारी मी दुकानात हजर होते.

पहिल्याच आठवड्यात मी एक गोष्ट बघितली. पत्रिका छापून, दुमडून, गठ्ठे बांधून झाले की सगळ्यात वरच्या पत्रिकेला अक्का स्वतः हळदीकुंकू लावायच्या. चारी कोपऱ्यांना एकेक बोट. मग ती पत्रिका ओंजळीत धरून गिऱ्हाईकाच्या ओंजळीत द्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर कुंकू नव्हतं, विभूती होती. मी खेड्यातून आलेली, आता गिऱ्हाईक काय म्हणतंय म्हणून त्याच्या तोंडाकडं बघितलं. आमच्या घरात आईला हळदीकुंकवाच्या ताटाला हात लावू देत नसत. पण गिऱ्हाईक तर ती पत्रिका कपाळाला लावून घेऊन चाललेलं. थोड्या दिवसांनी मला त्याचं काही वाटेनासं झालं. पुढं तर मला वाटायला लागलं की हे असंच असायला पाहिजे.

आई म्हणजे माझी आई. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. आईनं दोन म्हशींच्या दुधावर घर चालवलं. पहाटे धार काढायची, डेअरीला दूध घालायचं, वैरण आणायची, आणि माझ्या शिक्षणाचं नाव निघालं की कुणाचं ऐकायचं नाही. तात्या वाईट माणूस नव्हते. वडिलांच्या मागं आमचं शेत त्यांनीच पेरून दिलं, वर्षानुवर्षं. पण रीत म्हणजे रीत. घरातल्या कुठल्याही लग्नात आई पहाटेपासून चुलीपाशी राबायची आणि अक्षता पडायच्या वेळी मागच्या खोलीत जाऊन बसायची. ती आपण होऊन जायची, कुणाला सांगावं लागायचं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

माझं लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. पत्रिकेचा विषय निघाल्यावर तात्यांनी मजकूर सांगितला, कै. अमुक यांची कन्या, निमंत्रक म्हणून तात्या, खाली सगळी भावकी. मी म्हटलं, आईचं नाव? तात्या म्हणाले, "श्रीमतीचं नाव शुभकार्याच्या पत्रिकेवर बरं दिसत न्हाई. वर घातलं तर मी मांडवात पाय ठेवनार न्हाई." ते नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हते. तात्या आले नाहीत तर भावकीतलं कुणीच येणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मुलाकडच्यांनी तुमच्या घरातलं तुम्ही बघा म्हणून हात झटकले. मी आईपाशी गेले. आई भाकरी थापत होती, थापता थापताच म्हणाली, "कशाला वाद घालतीस? घालायचंच असलं तर आतल्या घडीत घाल कुठंतरी. बारीक."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी गल्ल्यापाशी गेले. "अक्का, माझी पत्रिका ठरवायची आहे."

"मग हिकडं काय करतीस? गिऱ्हाईकाच्या बाकड्यावर बस." मी बसले. त्यांनी चष्मा लावला. "घरात भांडण कुणाचं कुणाशी हाय?"

मी सगळं सांगितलं. तात्या काय म्हणाले, आई काय म्हणाली. 'आतल्या घडीत, बारीक' हेसुद्धा सांगितलं. अक्कांनी नमुन्यांची थप्पी ओढली. कवाडी उघडून बघितली, मिटली. पदराची बघितली. चुण्यांची सबंध उलगडून गल्ल्यावर पसरली आणि प्रत्येक पानावर नख ठेवत शेवटपर्यंत गेल्या. मग सगळी थप्पी बाजूला सारली. "बेड," म्हणाल्या.

खालच्या कपाटातून त्यांनी एक जाड, दुधी रंगाचा कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. एकच पान. मी बघत राहिले. एकपानी पत्रिका आमच्याकडं कुणी लग्नाला घेत नसे. सत्यनारायणाला घेत, वास्तुशांतीला घेत.

"अक्का, ह्याला घडीच नाही."

"न्हाईच घालायची. घडी कशाला असतीया? एकाचं नाव दुसऱ्याच्या डोळ्यावर येऊ ने म्हणून. मी जन्मभर लोकांची भांडणं घडीत घातली, माझं पोट त्याच्यावर चाललं. तुझ्या आईचं भांडण कुणाशी हाय? कुणाशी न्हाई. मग तिला घडी कशाला? तिचं नाव लपवायला माझ्या दुकानात कागद न्हाई."

मजकूर त्यांनीच सांगितला, मी टाइप केला. 'माझी मुलगी' अशी सुरुवात. माझी मुलगी अमुक हिच्या लग्नाला आपण यावे. खाली आईचं नाव, आमच्या दोघांच्या नावाच्याच मापात. त्याखाली तात्या आणि घरातली मंडळी, नीट मानानं. इतक्या पत्रिका मी टाइप केल्या होत्या, पण 'आमचे येथे', 'यांची कन्या' या ठरलेल्या शब्दांऐवजी 'माझी मुलगी' हे दोन शब्द पडद्यावर उमटले तेव्हा माझे हात थांबले.

तात्यांना कुणीतरी कळवलंच. ते थेट दुकानात आले, पटका, कोट, सगळ्या इतमामानं. अक्कांनी त्यांना बाकड्यावर बसवलं.

"अक्का, तुमी मोठी माणसं. पर आमच्यात ही रीत न्हाई. बघणारं काय म्हणंल?"

"काय म्हणंल?"

"अपशकून म्हणंल की."

अक्कांनी मान हलवली, जसं काही त्यांना ते पटलं. मग म्हणाल्या, "तुमच्या लेकीची पत्रिका हितनंच गेलती न्हवं?"

"व्हय. चांगली झालती."

"लेक कशी हाय?"

"बरी हाय की. पोरंबाळं हाईत. जावई सोन्यासारखा गावला."

"त्या पत्रिकेला हळदीकुंकू कुणी लावलंतं?"

"लावलं असंल कुणीतरी दुकानातल्यानं."

"दुकानात बाईमाणूस कोण होतं तवा?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा कामाला नव्हते, हे त्यांना आठवलं. मग त्यांची नजर हळूहळू अक्कांच्या कपाळाकडं गेली. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कपाळ पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

"मी लावलंतं," अक्का म्हणाल्या. "ह्या हातानं. चारी कोपऱ्यांस्नी. मालक जाऊन लै वर्सं झालती तवा. आन् तुमी ती पत्रिका कपाळाला लावून घेतलीसा. माझ्या हातच्या कुंकवानं तुमच्या लेकीचं बरं झालं. मग जिनं म्हशी वळून पोरगी शिकिवली, तिच्या नावानं पोरीचं वाईट कसं हुईल, तेवढं मला सांगा. तुमी पटवून दिलं तर ही पत्रिका आत्ता तुमच्यासमोर फाडतो."

तात्या समोरच्या भिंतीवरचे नमुने बघत बसले. बोळातून सायकली जात होत्या, कुणीतरी उसाच्या रसवाल्याला हाका मारत होतं. शेवटी म्हणाले, "ध्येनात आलं न्हवतं, बाई." आवाज खाली आला होता. अक्का मला म्हणाल्या, "पोरी, चहा सांग."

"अजून ठरलं न्हाई की," तात्या म्हणाले, पण जोर नव्हता.

"ठरलं," अक्का म्हणाल्या. तात्यांनी चहा घेतला. जाताना कागद हातात घेऊन आपलं नाव कुठं आहे ते बघितलं, आणि 'श्री'च्या पुढचं राहिलेलं टिंब दाखवून दिलं. तेवढं त्यांचं समाधान आम्ही ठेवलं.

मला त्या दिवशी अक्कांचा इतका अभिमान वाटला की कुणाला सांगू असं झालं. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली, भाषणं करणारी माणसं बघितली. पण समोरच्याचा पाणउतारा न करता त्याला रीतीच्या बाहेर हाताला धरून आणणारं दुसरं माणूस मी बघितलं नाही. पुढं खोक्यातल्या पत्रिका आल्या, मखमलीच्या आल्या, गाणं वाजणाऱ्या आल्या. दोन हजार सालानंतर तर अक्कांना दिसायला कमी आलं, तरी नख फिरवून त्या सांगायच्या, ही घडी तिरकी बसलीया. त्या गेल्या तेव्हा बोळातली दुकानं बंद राहिली, आणि गगनबावड्याहून कवाडाची दोन्ही पाखं एका जीपमधून आली होती.

तर माझ्या लग्नाकडं परत येते. आमच्या पत्रिका छापून झाल्या. पहिली पत्रिका देवीला, म्हणून आई कोल्हापूरला आली. अंबाबाईला पत्रिका ठेवून आम्ही बोळात वळलो. आमच्याकडं बोलावणं करायला विधवा बाई जात नाही. घरातली सवाष्ण जाते, दारात उभी राहते, आतून विचारतात, "कुणाकडनं?" आणि ती घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव सांगते. आईनं वडील असताना त्यांचं नाव सांगितलं होतं. ते गेल्यापासून तिनं कुणाच्या दारात बोलावणं केलं नव्हतं. दुकानाच्या पायरीशी ती थांबली. पिशवीतून पत्रिका काढली आणि माझ्या हातात द्यायला लागली.

"तू दे," म्हणाली.

दुकानात गिऱ्हाईकं बसली होती. अक्कांनी आम्हाला बघितलं होतं. त्या गल्ल्यावरून उठल्या. मागं जाऊन हात धुतले, पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. आईला त्या चांगल्या ओळखत होत्या, कितीदा दोघी एकत्र जेवल्या होत्या. तरी अनोळखी घरात विचारतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "कुणाकडचं बोलावणं म्हणायचं?"

आईनं सवयीनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. माझ्याकडं बघितलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. आईनं पत्रिका दोन्ही हातांत धरली, पदर सारखा केला आणि अक्कांच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "माझ्याकडचं."

अक्कांनी ओंजळ पुढं केली.

"मग येतो की."